बोटावर ९९, मेंदूत १७

पत्राचा गोषवारा: तिशीतल्या एका वाचक ताईंचा धाकटा भाऊ दुचाकीच्या अपघातात डोक्याला जबर मार लागून आयसीयूत आहे. वय २६. पत्र लिहिलं तो सातवा दिवस. आणलं तेव्हा ग्लासगो स्कोअर (शुद्धी मोजायची ३ ते १५ ची मोजपट्टी; जितका कमी तितकी शुद्ध कमी) ६ होता. सध्या व्हेंटिलेटर, गुंगीची औषधं आणि कवटीतून आत सोडलेल्या दोन बारीक वायरी: एक मेंदूतला दाब मोजते, दुसरी ऑक्सिजन. बोटाच्या चिमट्यावर ९८-९९ दिसत असतानाच मेंदूचा आकडा १७ वर येतो आणि अलार्म वाजतो. ताई दर अर्ध्या तासाला आकडे वहीत उतरवतात. पहिल्या दिवशी ‘जीएफएपी’ नावाची रक्ततपासणी झाली, रिपोर्ट ४,००० च्या वर आला. काकांनी इंटरनेटवर शोधलं तर ‘३० च्या आत हवं’ असं निघालं. त्यांचं म्हणणं, ‘रिपोर्ट बोलतोय, आता पोराचे हाल करू नका.’ आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ताई विचारतात: डॉक्टर ऑक्सिजन सरळ वाढवत का नाहीत? ती रक्ततपासणी रोज करायला लावू का? आणि काकांचं ऐकायचं का? शेवटची ओळ अशी: ‘परवा रात्री जरा पडायला गेले तर २.१० ला आकडा १४ झाला. मी तिथे नव्हते.’ सोबत वहीच्या त्या पानाचा फोटो आहे.

प्रिय ताई,

तुमच्या वहीचं पान मी पत्राच्याही आधी वाचलं. उभ्या रेघा पट्टीने आखलेल्या, १८, २१, १९, मधेच एक १४ आणि त्याच्याभोवती पेनाने इतक्यांदा गोल काढलेला की कागद फाटायला आलाय. मी बरीच वर्षं मेंदूच्या अतिदक्षता विभागात काढली. त्यामुळे एक कबुली आधी देतो: आम्ही डॉक्टर मंडळी नातेवाइकांना मॉनिटरसमोर उभं करतो, पण तो वाचायचा कसा हे सांगायला विसरतो. मग माणसं तो परीक्षेच्या निकालासारखा वाचू लागतात. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, तेव्हा त्याच्याबद्दल भाकीत करणार नाही. पण या आकड्यांचा हिशेब मांडून देऊ शकतो.

आधी बोटावरचे ९९ आणि मेंदूतले १७. हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीतच. बोटाचा चिमटा टक्केवारी सांगतो: रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती जण ऑक्सिजन पाठीवर घेऊन निघालेत. तिथे १०० ही कमाल. मेंदूतली ऑक्सिजनची वायर ऑक्सिजनचा दाब मोजते, मिलिमीटर पाऱ्यात, आणि तोही ऑक्सिजन रक्तवाहिनीतून उतरून पेशींच्या शेजारी पोहोचल्यावरचा. तिथे निरोगी मेंदूचाच आकडा साधारण २५ ते ३५ असतो. २० च्या खाली गेला की बहुतेक ठिकाणी डॉक्टर हालचाल सुरू करतात, १५ च्या खाली बराच वेळ राहिला तर काळजी वाढते, १० च्या खाली धोका गंभीर. म्हणजे १७ हे शंभरपैकी सतरा गुण नव्हेत. थोडं कमी आहे, बघायला हवं, इतकाच त्याचा अर्थ.

आता ऑक्सिजन सरळ वाढवत का नाहीत? वाढवतात, पण तो अनेक उपायांतला एक. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे २० टक्के. तो तिथवर पोहोचायचा तर रक्तदाब हवा, हिमोग्लोबिन हवं, कवटीतला दाब आटोक्यात हवा. त्यात सुजलेल्या मेंदूत रक्तवाहिनीपासून पेशीपर्यंतचं अंतरही वाढलेलं असतं. टाकी काठोकाठ भरलेली आणि वरच्या मजल्याच्या नळाला मात्र करंगळीएवढी धार, असा प्रकार. अशा वेळी टाकीत आणखी पाणी ओतून फार काही होत नाही. शिवाय खूप ऑक्सिजन दीर्घकाळ दिला तर फुप्फुसांना इजा होते.

यातली एक गोष्ट अलगद हाताळावी लागते. व्हेंटिलेटरचे श्वास वाढवले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि कवटीतला दाब झरझर उतरतो. शेजारच्या नातेवाइकाला वाटतं, वा! पण आकसलेल्या वाहिन्यांतून रक्तही कमी जातं आणि ऑक्सिजनचा आकडा खाली येतो. एक आकडा सुधारताना दुसरा बिघडतो. म्हणूनच दोन वायरी लावतात. तुमच्या वहीत दाबाचा रकाना नाहीच, फक्त ऑक्सिजनचा आहे. म्हणजे तराजूचं एकच पारडं तुम्ही सात दिवस बघत बसला आहात.

आणि ती वायर बघते तरी किती? जेमतेम काही घन मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी जागा. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, कारण भात सगळीकडे सारखाच शिजतो. मार लागलेला मेंदू तसा नसतो. वायर कमी दुखावलेल्या भागात असेल तर आकडा एक सांगतो, जखमेच्या काठावर असेल तर दुसरं. ‘प्रोब नेमका कुठे बसवलाय?’ हे उद्या विचारा. उत्तर एका वाक्याचं असतं आणि त्याने तुमच्या पानभर आकड्यांचा अर्थ बदलू शकतो. नवी वायर बसवल्यावर पहिला तास-दोन तास तर ती स्थिरावतच असते, तेव्हाचे आकडे सिस्टरही फारसे धरत नाहीत.

या वायरीमुळे रुग्ण वाचतात का, याबद्दल डॉक्टरांतही एकमत नाही, हेही सांगून टाकतो. अमेरिकेत बूस्ट-२ नावाचा अभ्यास झाला, २०१७ साली प्रसिद्ध झाला, ११९ रुग्ण. वायर बघून उपचार केलेल्यांच्या मेंदूत ऑक्सिजन कमी असण्याचा काळ स्पष्ट घटला. अखेरचा निकाल सुधारतो का, हे सिद्ध करण्याएवढा तो अभ्यास मोठा नव्हता. मग २०२३ मध्ये फ्रान्सचा ऑक्सी-टीसी आला, ३१८ रुग्ण, आणि दोन्ही वायरी लावलेला गट व फक्त दाबाची वायर लावलेला गट यांत सहा महिन्यांनंतर फरक दिसला नाही. त्याआधी २०१२ मध्ये बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधल्या ३२४ रुग्णांवरच्या अभ्यासात दाबाच्या वायरीबद्दलही असंच निघालं होतं: वायर पाहून केलेले उपचार आणि वारंवार तपासणी व स्कॅन करून केलेले उपचार, दोन्हींचा निकाल जवळपास सारखा. ज्यांच्या माणसाला अशी वायर लावलेलीच नाही आणि जे हे वाचून आत्ता घाबरले असतील, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय. वायर नाही म्हणजे उपचार होत नाहीत, असं नाही.

आता काकांचे ३०.

हा आकडा खोटा नाही, पण त्याचा पत्ता चुकलाय. जीएफएपी हे मेंदूतल्या तारकापेशींमधलं प्रथिन. पेशी फुटल्या की ते रक्तात झिरपतं, आणि इतकं कमी की पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागात मोजावं लागतं. हे प्रथिन आणि चेतापेशींतलं यूसीएच-एल१ या जोडीच्या तपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१८ मध्ये पहिल्यांदा परवानगी दिली. कशासाठी? डोक्याला किरकोळ मार लागलेल्या, शुद्धीवर असलेल्या, ग्लासगो स्कोअर १३ ते १५ असलेल्या मोठ्या माणसांचा सीटी स्कॅन काढायची गरज आहे की नाही, हे ठरवायला. पुढे आलेल्या एका उपकरणाची मर्यादा ३० पिकोग्रॅम. दोन्ही प्रथिनं आपापल्या मर्यादेच्या खाली असतील तर स्कॅनमध्ये बहुधा काही सापडणार नाही, एवढाच त्या रेघेचा अर्थ.

तुमच्या भावाला स्कॅन लागणार का, हा प्रश्न अपघाताच्या जागीच संपला होता. ज्याचा स्कोअर ६, त्याचा जीएफएपी हजारांत येणं हे नेहमीचं. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तसं काकांनी एका आजाराची मोजपट्टी दुसऱ्याला लावली. यात त्यांचा दोष नाही. रिपोर्टच्या कागदावर ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते, ती कुणाची सामान्य मर्यादा हे छापलेलं नसतं. एकक मात्र नीट बघा. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅममध्ये लिहितात, तिथे ४ म्हणजे इथले ४,०००. अशा गोंधळात लोकांनी उगाच सुटकेचे निःश्वास सोडलेले आणि उगाच रडलेले, दोन्ही मी पाहिलंय.

म्हणजे हा आकडा निरर्थक आहे का? नाही, आणि तसं सांगून तुमची फसवणूक करणार नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅक-टीबीआय या अमेरिकी अभ्यासात पहिल्या दिवसाच्या जीएफएपी आणि यूसीएच-एल१ वरून सहा महिन्यांतला मृत्यू किंवा गंभीर परावलंबित्व यांचा अंदाज बऱ्यापैकी लागला. जितका आकडा मोठा तितकी इजा मोठी, हे खरं आहे. पण माणूस पूर्ण सावरेल की काही उणीव राहील, हे सांगायला तीच तपासणी कच्ची ठरली. आणि असा अंदाज शेकडो माणसांच्या गर्दीबद्दल असतो. त्या गर्दीत तुमचा भाऊ कुठे उभा आहे, ते रक्ताची एक बाटली सांगू शकत नाही. डॉक्टर अंदाज बांधतात तो वय, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला आकसतात का, हातापायांची हालचाल, स्कॅन हे सगळं एकत्र बघून. टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये ग्लासगो स्कोअर मांडला, त्यावर आम्ही पन्नास वर्षं काढली. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी नवी चौकट सुचवली, तिच्यात रक्ततपासणीला जागा मिळाली खरी, पण चार खांबांपैकी एकाची. बाकीचे तीन म्हणजे प्रत्यक्ष तपासणी, स्कॅन आणि त्या माणसाची बाकीची परिस्थिती.

रोज तपासणी करायला लावू नका. जीएफएपी पहिल्या दिवसाच्या अखेरीस शिखरावर जातो आणि मग उतरत जातो. यूसीएच-एल१ त्याहून लवकर, काही तासांतच. न्यूरोफिलामेंट लाइट नावाचं प्रथिन उलट दिवस-आठवडे चढत राहतं. त्यामुळे ‘आज कमी झालं’ याचा आनंद आणि ‘आज वाढलं’ याची धास्ती दोन्ही फसवी असू शकतात. जुन्या तपासण्यांचे तर आणखी नखरे: एस१००बी हाडं मोडली तरी वाढतं, आणि एनएसई तांबड्या पेशींतही असतं, रक्त काढताना त्या फुटल्या की आकडा फुगतो. पुन्हा तपासणी करावी असं डॉक्टरांना वाटलं तर करू द्या. तुम्ही स्वतः मागण्याआधी फक्त एवढं विचारा: ‘हा आकडा आल्यावर उपचारात काय बदल कराल?’ उत्तर ‘काही नाही’ असेल तर त्या सुईची गरज नाही.

मला वाटतं तुमचा घोळ इथे झालाय. तुम्ही दोन्ही आकडे भविष्य म्हणून वाचताय. वायरीचा आकडा या घटकेला काय करायचं त्यासाठी आहे, तो सिस्टर आणि डॉक्टरांच्या हातासाठी. रक्ताचा आकडा जे आधीच घडून गेलं त्याचं मोजमाप. पुढच्या सहा महिन्यांबद्दल ठामपणे बोलणारा आकडा त्या खोलीत एकही नाही.

मग काकांचं काय? त्यांना खलनायक करू नका. ‘पोराचे हाल’ हे शब्द रिपोर्टमधून आलेले नाहीत, त्यांच्या भीतीतून आलेत, आणि ती भीती पोकळ नाही. २०१६ चा रेस्क्यू-आयसीपी हा अभ्यास बघा. कुठल्याही औषधाला न जुमानणारा दाब असलेल्या रुग्णांच्या कवटीच्या हाडाचा तुकडा दाब उतरावा म्हणून काढल्यावर सहा महिन्यांतले मृत्यू ४८.९ टक्क्यांवरून २६.९ वर आले. पण कसलीही जाणीव नसलेल्या अवस्थेत उरणारे २.१ वरून ८.५ टक्के झाले. वाचणं आणि सावरणं यांत अंतर आहे, हे काकांना कळतंय. चुकतंय ते दिवस मोजण्यात.

कारण सातवा दिवस हा निकालाचा दिवस नव्हे. इतक्या गंभीर मारानंतर निदान पहिले ७२ तास तरी उपचार थांबवण्याचा निर्णय घेऊ नये असं मार्गदर्शन आहे, आणि तरुण माणसाच्या बाबतीत अनेक तज्ज्ञ त्याहून खूप जास्त थांबतात. गुंगीची औषधं चालू असताना तर त्याची खरी तपासणीच होत नाही. त्याच ट्रॅक-टीबीआयचे २०२१ चे आकडे मी आमच्या नव्या डॉक्टरांना पाठ करायला लावायचो: गंभीर मार लागलेल्या आणि वर्षभर पाठपुरावा झालेल्यांपैकी सुमारे निम्मे, ५२ टक्के, बाराव्या महिन्यात बऱ्यापैकी स्थितीत होते, म्हणजे घरात निदान काही तास तरी एकट्याने राहू शकतील इतपत किंवा त्याहून चांगले. दोन आठवड्यांनी ज्यांना कसलीच जाणीव नव्हती अशांपैकी ७८ टक्के वर्षभरात शुद्धीवर आले. स्थळ-काळाचं पूर्ण भान मात्र चौघांतल्या एकालाच आलं. हे दोन्ही अर्धे एकत्र वाचा. पहिलाच वाचला तर खोटी आशा, दुसराच वाचला तर खोटी निराशा.

आमच्या व्यवसायातली एक अडचण इथेच सांगतो. ‘हा वाचणार नाही’ असं लवकर ठरवून उपचार काढले की रुग्ण जातो, आणि अंदाज खरा ठरल्याची नोंद होते. चूक होती की बरोबर, हे कधीच कळत नाही.

तेव्हा डॉक्टरांकडे बसून बोलायची वेळ मागा. खाटेशेजारी उभ्या उभ्या नको, खोलीत, खुर्चीवर, आणि काकांना सोबत न्या. मी तर म्हणेन पहिला प्रश्न त्यांनाच विचारू द्या. गुंगी कधी कमी करून बघणार, बाहुल्या आणि हालचाल पहिल्या दिवसाच्या तुलनेत कशी आहे, गेल्या तीन दिवसांत दाबाचा कल कुठे आहे, येत्या आठवड्यात काय दिसलं तर तुम्हाला बरं वाटेल आणि काय दिसलं तर नाही, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला चांगला डॉक्टर नेमकं उत्तर देतो. ‘बघू, देवाच्या हातात’ एवढंच म्हणाला तर प्रश्न पुन्हा विचारा, संकोच करू नका. आणि पुढची बैठक कधी, हे तिथेच ठरवून घ्या, म्हणजे मधले दिवस वादाविना जातील. घरातून एकाच माणसाने डॉक्टरांशी बोलायचं आणि बाकीच्यांना तेच सांगायचं, हेही ठरवा. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की पाच उत्तरं घरी येतात.

डॉक्टर न सांगू शकणारी एक गोष्ट मात्र तुम्ही, काका आणि आई मिळून सांगू शकता: तो कसा माणूस आहे, कशाला जगणं म्हणायचा. आज त्यावरून काही ठरवायचं नाही. पण पुढे ठरवायची वेळ आलीच तर ते चार हजारांच्या आकड्यावरून नाही, यावरून ठरेल. म्हणून आईला बाहेर ठेवू नका. आकडा सांगायची गरज नाही. ‘मार मोठा आहे, अजून काही ठरलेलं नाही, आपण थांबलोय’ एवढं खरं आहे आणि तिला पेलेल. तिला काहीतरी लपवलं जातंय हे बहुधा आधीच कळलं असेल. आयांना कळतं.

वही बंद करा असं मी म्हणणार नाही. हाताला काम हवं असतं. पण रकाने बदला. गुंगी किती होती, ताप होता का, कोणत्या हाताची हालचाल झाली, हाक मारल्यावर काही बदललं का, डॉक्टर काय म्हणाले, हे लिहा. उद्या फिजिओथेरपी सुरू होईल, तेव्हा हे पान कामाला येईल. सिस्टरना हेही सांगा की तो डावखुरा आहे की उजवा, चष्मा लागतो का, घरी त्याला कोणत्या नावाने हाक मारतात. शुद्धीची तपासणी करताना त्यांना याचा फार उपयोग होतो, आणि हे विचारायचं बऱ्याचदा राहून जातं.

आता तो १४. तुम्ही फोटोत त्याच्याभोवती गोल केलाय. त्याच्या खालची ओळ वाचा. तीही तुम्ही सकाळी सिस्टरच्या तक्त्यावरूनच उतरवून घेतली असणार: २.३५, २३. तेव्हाही तुम्ही तिथे नव्हता. रात्री दोनच्या सुमाराला नळीतला कफ ओढतात, कूस बदलतात, कधी ताप चढतो, कधी मान जरा वाकडी होते, आणि आकडा घसरतो. मग कुणीतरी उठून येतं. त्या पंचवीस मिनिटांत काय केलं ते त्या रात्रपाळीच्या सिस्टरना विचारा, आणि २३ च्या पुढे लिहून ठेवा. मग आज रात्री खाली जाऊन झोपा.